शुगर कंट्रोलमध्ये, मग हृदयाचं काय?

जानेवारी १९२२मध्ये टोरोंटोच्या रुग्णालयात लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मधुमेही मुलाला इन्सुलिन टोचलं गेलं. तोवर अशी मुलं बहुधा बेशुद्धीत जाऊन दगावत. इन्सुलिनने ती जगू लागली आणि काही वर्षांनी डॉक्टरांना या आजाराचं दुसरं रूप दिसलं: हृदयविकार, निकामी मूत्रपिंडं, पायाचं गँगरीन. वाढलेली साखर रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला वर्षानुवर्षं इजा करते, तिथे चरबीचे थर साचतात, रक्तही लवकर गोठतं. त्यात मज्जातंतू बधिर झालेले असले तर झटका येऊनही छातीत कळ येत नाही. थोडा घाम, थोडी धाप. घरचे म्हणतात, ॲसिडिटी असेल. पुढे कधीतरी काढलेल्या ईसीजीत जुन्या झटक्याची खूण सापडते.

अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८पासून हजारो लोकांची तपासणी सुरू होती. मधुमेहींमध्ये हार्ट फेल्युअरचं (हृदयाची रक्त पंप करण्याची ताकद कमी पडण्याचं) प्रमाण पुरुषांत दुपटीहून जास्त, स्त्रियांत सुमारे पाचपट आहे, हे १९७४मध्ये त्यातूनच पुढे आलं. बायकांना हृदयविकार कमी होतो, हा समज मधुमेहापुढे टिकत नाही.

मग साखर उतरवली की हृदय वाचेल, हा हिशेब सरळ वाटला. तो तसा जुळला नाही. ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८मध्ये आले. कडक नियंत्रणाने डोळे-मूत्रपिंडांचा त्रास स्पष्ट घटला, हृदयाच्या झटक्यांतली घट मात्र निर्विवाद नव्हती. उलट त्याच अभ्यासात ब्लडप्रेशर आटोक्यात ठेवलेल्यांमध्ये पक्षाघात ४४ टक्क्यांनी कमी झाला. (आपल्याकडे अजूनही रिपोर्ट हातात आला की आधी शुगरचा आकडा बघतात, प्रेशरचा नंतर.) २००८मध्ये तर एका अमेरिकी चाचणीत साखर फार खाली आणलेल्या गटात मृत्यू वाढले आणि तो भाग मुदतीआधी थांबवावा लागला.

त्याआधीच्याच वर्षी रोसिग्लिटाझोन या मधुमेहाच्या गोळीवर हृदयाला धोका असल्याचा आक्षेप आला होता. मधुमेहाचं नवं औषध हृदयाला घातक नाही हे दाखवा, अशी अट २००८च्या अखेरीस अमेरिकेच्या औषध नियामकाने घातली. ती पुरी करण्यासाठी लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या एम्पाग्लिफ्लोझिनची चाचणी झाली. हृदयविकार असलेल्या ७ हजार मधुमेहींवरच्या या चाचणीचा निकाल २०१५मध्ये लागला: हृदयाशी संबंधित मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी. साखरेत फारसा फरक नव्हता, तरी फायदा पहिल्या काही महिन्यांतच दिसू लागला होता.