जुना आय-सेव्हन विंडोज ११ ला का चालत नाही, त्यामागची गोष्ट

बेळगावात खडेबाजारच्या बाजूला एका मित्राचं डीटीपीचं दुकान आहे, मराठी-कन्नड लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, यात्रेचे बॅनर असलं सगळं तिथं होतं. २०१७ ला त्यानं चांगला दणकट पीसी असेंबल करून घेतला, इंटेलचा सातव्या जनरेशनचा आय-सेव्हन ७७००के प्रोसेसर, १६ जीबी रॅम, एसएसडी. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये केवढा पण बॅनर उघडा, हू की चू नाही. आणि विंडोज ११ म्हणतंय हा प्रोसेसर चालणार नाही. त्याच्या भाचीचा सेलेरॉन एन४०२० या साध्या प्रोसेसरवाला लॅपटॉप, दोन कोर, ४ जीबी रॅम, क्रोम उघडेपर्यंत चहा पिऊन होतो, तो मात्र चालतोय! "हे कसलं रे?" म्हणाला.

पूर्वी असं नव्हतं. विंडोज ९५ ला ४ एमबी रॅम पुरायची, २००१ च्या एक्सपीला कमीत कमी ६४ एमबी, मग व्हिस्टाला ५१२. म्हणजे अडायचं ते बहुतेक रॅमपायी, एक पट्टी वाढवली की गाडी पुढं. आमच्याकडं एक्सपीचं कौतुक वेगळ्याच कारणानं होतं, विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरी आली होती पण कन्नड आलं ते एक्सपीत, देवनागरीचा मंगल आणि कन्नडचा तुंगा दोन्ही फॉन्ट एकाच मशीनवर. डीटीपीवाले तरी श्रीलिपी आणि नुडी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टलाच चिकटून बसले ती गोष्ट वेगळी, आणि नवीन सिस्टीम म्हटलं की त्यांच्या पोटात गोळा येतो तो पण त्या जुन्या फॉन्टमुळंच.

व्हिस्टाच्या वेळी (२००७) पहिल्यांदा घोळ झाला. 'व्हिस्टा केपेबल' स्टिकर लावलेल्या पीसींमध्ये इंटेल ९१५ चिपसेटवाले पण होते, त्यातल्या ग्राफिक्सला काचेसारखा दिसणारा एरो झेपायचाच नाही, अमेरिकेत प्रकरण कोर्टात गेलं.

पण खरी सवय लागली त्यानंतर. २००९ चं विंडोज ७, मग ८, मग २०१५ चं १०, तिन्हीची मागणी जवळपास तीच, १ गिगाहर्ट्झ प्रोसेसर आणि १-२ जीबी रॅम. वर १० तर ७ आणि ८.१ वाल्यांना वर्षभर फुकट. त्यामुळं २००७ चा कोअर टू क्वाड क्यू६६०० घेतलेला माणूस पण एसएसडी टाकून १० वर आरामात काम करायचा, आणि चांगलं मशीन घेतलं की दहा-बारा वर्षं बघायला नको असं सगळ्यांच्या डोक्यात बसलं.

२४ जून २०२१ ला विंडोज ११ जाहीर झालं आणि टीपीएम २.० (किल्ल्या-पासवर्ड जपणारी सुरक्षेची सोय), सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय), आणि इंटेलची आठवी जनरेशन किंवा एएमडीच्या रायझन २००० पासूनचे, यादीत नाव असलेले प्रोसेसर अशी अट आली. आता मजा बघा, ७७००के च्या बहुतेक बोर्डांवर टीपीएम बायोसमधून चालू करता येतो, म्हणजे अडचण ती पण नाही, नुसतं यादीत नाव नाही. मायक्रोसॉफ्टचं म्हणणं सुरक्षा आणि स्थिरता, अटीत न बसणाऱ्या मशीनवर कर्नल (म्हणजे विंडोजचा गाभा) क्रॅश ५२ टक्के जास्त दिसले म्हणे. सुरक्षेचं पटतं, कारण कर्नलचा कोड तपासत राहणाऱ्या नव्या संरक्षणाला प्रोसेसरमध्येच एमबीईसी नावाची सोय असली की काम हलकं होतं, नाहीतर मशीन मंदावतं. पण ही सोय सातव्या जनरेशनमध्ये आहेच की! उलट यादीतल्या रायझन २००० मध्ये तसली सोय नाही. शिवाय सातवीतला ७८२०एचक्यू मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ मध्ये होता, त्याला नंतर यादीत घेतलं. म्हणून मला तरी ही रेघ अर्धी तांत्रिक आणि अर्धी सोयीची वाटते.

रजिस्ट्री (विंडोजची आतली सेटिंग) बदलून किंवा रुफस या फुकट सॉफ्टवेअरनं पेनड्राइव्ह बनवून ११ टाकता येतं, ७७००के वर चांगलं पळतं, फक्त पुढच्या अपडेटची हमी नाही. क्यू६६०० ला मात्र तो पण रस्ता बंद, ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरला पॉपकंट आणि एसएसई ४.२ या सूचना कळाव्या लागतात, त्या त्या चिपमध्ये नाहीतच.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मित्रानं एक वर्षाचे जादा सिक्युरिटी अपडेट घेतलेत, ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, म्हणजे तुळशीचं लग्न होऊन पत्रिकांची गर्दी सुरू व्हायच्या महिनाभर आधी.