कळसूबाईची रांग आणि शेजारचे मोकळे डोंगर: पार्श्वभूमी

पावसाळ्यातल्या रविवारी कळसूबाईच्या शेवटच्या शिडीखाली रांग लागते. वरून उतरणारे आणि खालून चढणारे एकाच शिडीवर समोरासमोर येतात, आणि कंटाळलेले लोक शिडी सोडून बाजूच्या ओल्या कातळाला हात घालतात. घसरून पडण्याचे प्रसंग इथेच येतात. माथ्यावर जागा तरी किती? देवीचं छोटं देऊळ, त्यात एका वेळी तीन-चार माणसं मावतील, आणि भोवती जेमतेम सपाटी. १,६४६ मीटरवरचा हा माथा राज्यातला सर्वोच्च आहे, पण शेकडो माणसांना एका वेळी पेलण्याइतका तो कधीच नव्हता. त्याच परिसरातले कुलंग, घनचक्कर, पट्टा हे डोंगर मात्र त्या दिवशी बरेचसे मोकळे असतात. ही विभागणी निसर्गाने केलेली नाही. तिच्यामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

कळसूबाई हा किल्ला नव्हता. तिचं महत्त्व देवीमुळे. पायथ्याच्या इंदोरे गावात कळसू नावाची मुलगी एका घरी कामाला राहिली, भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही या अटीवर. एक दिवस तीच कामं तिला सांगितली गेली तेव्हा ती डोंगरावर निघून गेली आणि परतली नाही, अशी कथा आहे. डोंगरावरच्या थाळेमेळ आणि काळदरा या जागांची नावं त्याच कथेशी जोडलेली आहेत. पायथ्याच्या गावांची डोंगरावर जाण्याची रीत ठरलेली: मंगळवार-गुरुवारची पूजा आणि नवरात्रातली जत्रा. इंदोऱ्याच्या बाजूने येणारी वाट आजही आहे, पण ती उभी, घसाऱ्याची आणि उघड्या कातळाची. माहितगाराशिवाय तिकडे जाऊ नये, आणि पावसाळ्यात तर मुळीच नाही.

लष्करी महत्त्व शेजाऱ्यांना होतं. अलंग, मदन, कुलंग, रतनगड आणि पट्टा हे सगळे घाटवाटांवर आणि दारणा-प्रवरेच्या खोऱ्यांवर नजर ठेवणारे किल्ले. जालन्याच्या मोहिमेनंतर १६७९ मध्ये शिवाजी महाराज पट्ट्यावर थांबले, म्हणून त्याला विश्रामगड म्हणतात. १८१८ मध्ये त्र्यंबकचा किल्ला पडल्यावर नाशिककडचे किल्ले एकामागून एक इंग्रजांच्या हाती गेले. किल्ल्यांवर पुन्हा शिबंदी बसू नये म्हणून इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जच्या काळात अनेक ठिकाणच्या वाटा आणि कातळकोरीव पायऱ्या सुरुंग लावून तोडल्या गेल्या. अलंग-मदनवर आज दोर का लागतो, याचं उत्तर तिथे आहे. वाटेतला पायऱ्यांचा टप्पा गायब आहे आणि त्या जागी सरळ कडा उरला आहे. त्र्यंबकजवळच्या हरिहर किल्ल्याच्या पायऱ्या मात्र वाचल्या, आणि आज हरिहरही कळसूबाईइतकाच तुंबतो. गर्दी सौंदर्याच्या मागे जाते असं आपण मानतो, पण सह्याद्रीत तरी ती पायऱ्यांच्या मागे जाते.

मग आला रस्ता. थळ घाटातून रेल्वे १८६५ मध्ये सुरू झाली आणि इगतपुरी-घोटी मुंबईच्या टप्प्यात आली. प्रवरेवरच्या भंडारदरा धरणाचं काम १९१० ते १९२६ चाललं, आणि धरणामुळे या भागात पर्यटक येऊ लागले. घोटीहून भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच बारी गाव आहे, त्यामुळे कळसूबाईचा पायथा थेट गाडीच्या दारात आला. मुंबईत १९५४ साली गिरिविहार ही संस्था सुरू झाली, पुढे ठिकठिकाणी डोंगरभटक्यांचे गट उभे राहिले, आणि सर्वोच्च शिखर प्रत्येकाच्या यादीत पहिलं गेलं. कातळटप्प्यांवर भाविकांसाठी लोखंडी शिड्या आल्या आणि उरलेला अडसर गेला. ‘महाराष्ट्राचं एव्हरेस्ट’ हे बिरुद फोटोखाली लिहायला सोपं आहे. घनचक्करचे १,५३२ मीटर कोणी लिहीत नाही.

डोंगर नाजूक आहे म्हणजे नेमकं काय, हे इथे स्पष्ट करायला हवं. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांचा. कठीण थरांचे कडे होतात, मऊ थरांचे पदर, म्हणजे कड्यांमधले उतरते टप्पे, होतात, आणि पदरांवर काही बोटं जाडीची माती असते. ती माती गवत आणि कारवी या झुडपाच्या मुळांनी धरलेली असते. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी टाकते आणि मरते. नवी रोपं उगवण्याच्या पावसाळ्यातच ती तुडवली गेली, तर त्या जागी पुढच्या फुलोऱ्यापर्यंत बी पडत नाही. शेजारच्या घाटघरला अनेक वर्षी ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो. एवढ्या पावसात मळलेल्या वाटेवर चिखल झाला की लोक कडेच्या गवतावरून चालतात आणि वाट रुंदावते. त्या रुंद पट्ट्यातून पाणी धावतं, घळ पडते, मग लोक आणखी बाहेरून जातात. दुरुस्ती म्हणून दगड रचले तरी पाण्याला बाजूला काढणारे आडवे चर नसतील, तर ते पुढच्या पावसात सुटतात. म्हणून चिखल दिसला तरी वाटेच्या मधूनच चालावं. बूट धुता येतात.

कळसूबाईचा परिसर १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. दुसरा डोंगर निवडला तरी अभयारण्याचे नियम आपल्यासोबत येतातच: आग नाही, मोठा आवाज नाही, कचरा परत खाली.

आता पर्याय. उंचीची हौस असेल तर शिरपुंजे गावातून भैरवगड आणि घनचक्कर करावा. गावामागच्या चढाने खिंड गाठायची. तिथून एका बाजूला कोरीव पायऱ्यांनी भैरवगड, तिथे भैरवनाथाचं ठाणं आणि पाण्याची टाकी. दुसऱ्या बाजूला घनचक्करचा लांबरुंद माथा. दोन्ही एका दिवसात होतात, पण पहाटे निघायला हवं. घनचक्करवर धोका वेगळा आहे. माथा इतका पसरट की धुक्यात दिशा हरवते आणि माणूस भलत्याच धारेवर उतरतो. वाटाड्या घ्यावा, आणि खिंडीत परतायची वेळ आधीच ठरवावी. ढग उतरले तर घनचक्कर सोडून भैरवगडावर समाधान मानावं.

दमाची परीक्षा हवी असेल तर कुलंग. उंची सुमारे १,४७० मीटर, पायथा आंबेवाडी किंवा कुरुंगवाडी. दोर लागत नाही, पण चढ लांबलचक आहे आणि वरच्या टप्प्यात कोरीव पायऱ्यांची मालिका दमवते. माथ्यावरची टाक्यांची रांग आणि घळीत बांधलेली बंधाऱ्याची भिंत पाहिली की जुन्या लोकांनी पाण्याचा किती बारकाईने विचार केला होता ते कळतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा योग्य काळ. पावसात पायऱ्यांवर शेवाळ धरतं, आणि तिथे पाय सटकला तर थांबायला झाडही नाही. मार्चनंतर चढावर सावली नाही, म्हणून माणशी निदान तीन लिटर पाणी खालून न्यावं. टाक्यातलं पाणी गाळून, उकळून किंवा औषध टाकूनच प्यावं. अलंग आणि मदन यांना मात्र पर्याय म्हणू नये. प्रशिक्षित गट, दोर, हार्नेस आणि हेल्मेट नसेल तर ते खालूनच पाहावेत.

मुलं आणि वयस्क बरोबर असतील तर पट्टा. पट्टावाडीतून तासाभराच्या आत माथा, चढ सौम्य, आणि उंची तरी सुमारे १,३९० मीटर. सप्टेंबरच्या शेवटी पठारावर सोनकीची पिवळी फुलं फुलतात. पहिल्या डोंगरासाठी कळसूबाईपेक्षा आम्ही हाच सुचवतो. शेजारचा औंढा लहान दिसतो, पण त्याच्या वरच्या कातळटप्प्यावर दृष्टिभय आहे, म्हणजे खालची खोली दिसून भीती वाटते. पट्ट्यासोबत सहज उरकू, असं समजून मुलांना तिकडे नेऊ नये.

रतनगडाचं नाव सगळे पर्याय म्हणून घेतात, आणि तो सुंदर आहेच. रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर, माथ्यावरचं नेढं (कातळातलं आरपार भोक), त्र्यंबक दरवाज्याच्या कोरीव पायऱ्या. पण रतनवाडीच्या वाटेवर शिड्याच आहेत, आणि सुट्टीच्या दिवशी तिथे कळसूबाईसारखाच खोळंबा होतो. प्रवरा याच डोंगरात उगम पावते, त्यामुळे वर टाकलेली बाटली पहिल्या पुरात धरणाच्या पाण्यात जाते. रतनगडावर आठवड्यातल्या कामाच्या दिवशी जावं. हेच मे अखेर-जूनमधल्या काजव्यांच्या हंगामाबद्दल. त्या दिवसांत भंडारदऱ्याचे रस्ते रात्री गाड्यांच्या दिव्यांनी भरतात आणि प्रकाशामुळे काजव्यांचं मीलन बिघडतं. तेव्हा या भागात रात्रीची गाडी काढूच नये.

ही डोंगररांगच नको असेल तर नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणातला साल्हेर आहे. १,५६७ मीटर, राज्यातलं दुसरं उंच शिखर आणि सर्वांत उंच किल्ला. १६७२ मध्ये याच्या पायथ्याला मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांच्या फौजांनी मोगलांना मोकळ्या मैदानात हरवलं. वाघांबे गावाकडून साल्हेर आणि सालोटा यांच्यामधली खिंड गाठायची, तिथून कोरीव पायऱ्या आणि दरवाजे लागतात. सर्वांत वर परशुरामाचं छोटं मंदिर आहे. चढायला अडीच-तीन तास धरावेत. उतरताना साल्हेरवाडीची बाजू घेतली तर गाडी आधीच त्या गावात लावून ठेवावी, कारण दोन्ही गावं डोंगराच्या वेगवेगळ्या अंगांना आहेत आणि संध्याकाळी एका गावातून दुसऱ्या गावात जायला वाहन मिळेलच असं नाही.