कऱ्हाडकर नावाची तीन खाती

साइनअपचं पान बनवताना पासवर्डची काळजी सगळेच घेतात. युजरनेमकडे फारसं कोणी बघत नाही. नाव ते काय, अक्षरंच तर असतात! 2013 साली स्पॉटिफायला याच अक्षरांनी घाम फोडला.

त्यांच्याकडे इंग्रजीखेरीज इतर लिप्यांतलं युजरनेमही चालायचं. कॅपिटलमधलं आणि स्मॉलमधलं 'बिगबर्ड' एकच मानायचं, म्हणून प्रत्येक नाव एका फंक्शनमधून प्रमाण रूपात आणलं जाई. आता युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, घातांकासारखी वर चढलेली चिमुकली कॅपिटल अक्षरंही आहेत. त्या अक्षरांत 'बिगबर्ड' लिहून खातं उघडलं, की फंक्शन त्यांची साधी कॅपिटल करायचं, पण स्मॉल करायचं राहून जायचं. असं नाव यादीत नाही, म्हणजे नोंदणी मंजूर. मग आपल्याच नव्या खात्यासाठी पासवर्ड रीसेट मागायचा. लिंक आपल्याच ईमेलवर येणार. ती उघडली की तेच फंक्शन त्या नावावर पुन्हा चालायचं, या खेपेला कॅपिटलची स्मॉल व्हायची, आणि नवा पासवर्ड जाऊन बसायचा खऱ्या बिगबर्डच्या खात्यावर. पासवर्ड फोडायची गरजच नाही.

मूळ दोष निघाला पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची आवृत्ती 2.4 वरून 2.5 वर नेण्यात. वापरलेली लायब्ररी, म्हणजे आयता कोड, युनिकोडच्या 3.2 या जुन्या आवृत्तीपुरती लिहिलेली. त्यानंतर आलेलं अक्षर दिसलं की आधी एरर यायची, आता ते मुकाट पुढे जाऊ लागलं. दुरुस्ती मला फार आवडते: फंक्शन दोनदा चालवा, दोन्ही उत्तरं सारखी नसतील तर नावच नाकारा.

हे इंग्रजीपुरतंच आहे असं समजू नका. 'कऱ्हाडकर'मधला अर्धा ऱ तीन तऱ्हांनी टाइप होतो: थेट ऱ घेऊन हलन्त, र खाली नुक्ता (टिंब) देऊन हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. बहुतेक फॉन्टमध्ये तिन्ही डोळ्यांना सारखेच, संगणकाला मात्र निराळे. युनिकोडचं प्रमाणीकरण पहिल्या दोघांना एक करतं, तिसरा सुटतो. त्याचा नियम आपणच लिहायचा.

एवढं करूनही एक फट उरते. कोड आधी विचारतो, 'हे नाव आहे का?' नाही म्हटल्यावर नोंद करतो. या दोहोंमधल्या काही मिलिसेकंदांत त्याच नावाची दुसरी विनंती आली तर तिलाही 'नाही' असंच उत्तर मिळतं, आणि खाती होतात दोन. आपल्या लॅपटॉपवर एकेक विनंती तपासताना हा बग सहसा दिसत नाही. गर्दी झाली की उगवतो. म्हणून शेवटचा निवाडा डेटाबेसकडे द्यावा: प्रमाण रूपाच्या रकान्यावर युनिक कन्स्ट्रेंट, म्हणजे एकच नाव दोनदा न घेण्याची सक्ती. मग दुसरी नोंद डेटाबेसच परतवून लावतो. ती एरर तेवढी पकडा, नाहीतर बिचाऱ्याला 'हे नाव आधीच घेतलेलं आहे' ऐवजी नुसता 500 चा आकडा, म्हणजे सर्व्हर बिघडल्याचा संदेश, दिसेल.