विमान उतरलं म्हणजे कारखाना येतो?

सोलापुरात वर्षानुवर्षं एक वाक्य ऐकू येत आलं: विमानसेवा नाही म्हणून उद्योग येत नाहीत. विमानांना अडथळा ठरणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी २०२३ मध्ये पाडली, २०२४ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं. विमानसेवेचा उपयोग आहेच. पण विमानतळ नसतानाही इचलकरंजीत हजारो यंत्रमाग उभे राहिले, आणि आपले टॉवेल तर कधीपासून परदेशी जातात.

विस्ताराला निघालेला उद्योजक आधी विचारतो ते वेगळंच: पाणी रोज मिळेल का, वीज किती वेळा जाते, प्लॉटचा ताबा कधी, सांडपाणी कुठे सोडायचं, कुशल कामगार किती. उजनी धरण जिल्ह्यातच असूनही शहराला काही दिवसांआड पाणी मिळत असेल, तर पहिल्याच प्रश्नाला आपण अडखळतो. मला हाच खरा अडथळा वाटतो.

दुसरा गैरसमज सवलतींचा. ‘महापालिकेने करमाफी द्यावी’ असं म्हणतात. पण मोठी सवलत राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेतून येते. तिचं प्रमाण तालुक्याच्या वर्गवारीवर, म्हणजे तो उद्योगांत किती मागे आहे यावर ठरतं, आणि जीएसटीचा परतावा उत्पादन सुरू झाल्यावर मिळतो. उद्योजकाशी वाटाघाटीत शहराच्या हाती उरतं ते पाणी, रस्ता, परवानग्या आणि तारीख पाळण्याची हमी. त्या बदल्यात किती गुंतवणूक, किती नोकऱ्या, कोणत्या टप्प्यात, हे करारात लिहून घ्यायलाच हवं.

आणि बोलणी फक्त बाहेरच्यांशीच कशाला? अक्कलकोट रोड, चिंचोळी एमआयडीसीतल्या चालू कारखानदारांना वाढायला काय कमी पडतं, हे आधी विचारा.