आधी टायमिंग, मग कार्ब्युरेटर: जुन्या गाडीच्या ट्यूनिंगमागचा इतिहास

जुनी गाडी पिकअप घेईना किंवा आयडलिंगला (उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना) थरथरायला लागली, की हात आधी कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवा आणि पेट्रोलचं मिश्रण बनवणाऱ्या भागाच्या, स्क्रूकडे जातो. तो स्क्रू समोर दिसतो आणि फिरवायला सोपा असतो, एवढंच त्याचं कारण. मुरलेला मेकॅनिक मात्र आधी डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे ठिणगी वेळेवर प्रत्येक सिलिंडरला पोचवणाऱ्या भागाची, कॅप काढतो. हा क्रम का पडला, हे या दोन यंत्रणांच्या इतिहासात सापडतं.

सिलिंडरमधलं मिश्रण पेटल्यावर जळायला थोडा वेळ घेतं. ७५० आरपीएमला (मिनिटाला ७५० फेरे) क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन फिरवतात तो दांडा, एका मिलिसेकंदात साडेचार अंश फिरतो, ३००० ला १८ अंश. म्हणून वेग वाढेल तशी ठिणगी पिस्टन माथ्यावर पोचायच्या आधी, आणखी आधी पडावी लागते. शिवाय लीन, म्हणजे पेट्रोल कमी असलेलं मिश्रण सावकाश जळतं. त्याला ठिणगी त्याहूनही लवकर हवी. म्हणजे ठिणगीच्या या वेळेचा, टायमिंगचा आकडा मिश्रणावरही अवलंबून असतो.

सुरुवातीच्या इंजिनांत टायमिंग असं काही नव्हतंच. गॉटलीब डाइमलर यांच्या इंजिनात बर्नरने लाल तापवलेली नळी मिश्रण पेटवायची. ते नेमकं कधी पेटेल यावर चालकाचा ताबा नव्हता. कार्ल बेन्झ यांनी १८८६ च्या गाडीत बॅटरी आणि कॉइल वापरली, पण त्यांचा कार्ब्युरेटर इंधनाची नुसती वाफ हवेत मिसळणारा होता. १८९३ मध्ये विल्हेल्म मायबाख यांनी बारीक जेटमधून पेट्रोल फवारणारा कार्ब्युरेटर आणला. त्याच वर्षी हंगेरीत डोनाट बांकी आणि यानोश चोंका यांनीही तशाच कार्ब्युरेटरचं पेटंट घेतलं. पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोट, जेट आणि हवेच्या ओढीने वर येणारं पेट्रोल ही मूळ मांडणी पुढे शंभर वर्षं टिकली.

ठिणगीची वेळ तेव्हा चालकाच्या हातात होती. फोर्ड मॉडेल टीमध्ये स्टिअरिंगखाली उजवीकडे थ्रॉटलचा दांडा आणि डावीकडे ठिणगीचा. हँडल मारताना डावा दांडा वर, म्हणजे रिटार्डवर (ठिणगी उशिरा) ठेवायचा. विसरलात तर इंजिन उलटा झटका देई आणि मनगट मोडे. गाडी पळू लागली की दांडा हळूहळू खाली ओढायचा. टायमिंग चुकलंय हे त्या चालकाला आवाजावरूनच कळत असणार, कारण ते तो स्वतःच लावत होता.

चार्ल्स केटरिंग यांची पॉइंट (उघडझाप करून कॉइलचा प्रवाह तोडणारे संपर्क), कॉइल आणि कंडेन्सरची इग्निशन, म्हणजे ठिणगीची यंत्रणा, १९१० च्या कॅडिलॅकमध्ये आली. पुढे चालकाचा दांडा गेला आणि त्याचं काम डिस्ट्रिब्युटरमधल्या दोन भागांनी वाटून घेतलं. वेग वाढला की बाहेर फेकली जाणारी वजनं ठिणगी लवकर पाडतात. कमी भाराच्या वेळी मॅनिफोल्डमधला (मिश्रण सिलिंडरकडे नेणाऱ्या नळीतला) व्हॅक्यूम एका पडद्याला ओढतो आणि लीन मिश्रणासाठी हवा असलेला जास्तीचा ॲडव्हान्स देतो, म्हणजे ठिणगी आणखी लवकर पाडतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की व्हॅक्यूम पडतो आणि हा ॲडव्हान्स मागे येतो.

आजच्या दुरुस्तीतली डोकेदुखी मुख्यतः या भागांच्या म्हातारपणाची आहे. वजनं गंजून अडकतात, स्प्रिंगा सैल पडतात. पडदा फाटला की ॲडव्हान्स तर जातोच, शिवाय बऱ्याच गाड्यांत तिथूनच फुकटची हवा मॅनिफोल्डमध्ये शिरते आणि आयडलिंग लीन होतं. मग सगळे कार्ब्युरेटरला शिव्या घालतात! पॉइंटची टाच झिजली की त्यांच्यामधला गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग रिटार्ड होतं. म्हणून आधी गॅप, नंतर व्हॅक्यूमची नळी काढून, तिचं तोंड बंद करून ठिणगीसोबत चमकणाऱ्या स्ट्रोब लाइटने टायमिंग आणि शेवटी मिश्रण. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे तो एक अंश हलवला की टायमिंग दोन अंश सरकतं. घाईत हे हमखास विसरलं जातं.

कार्ब्युरेटरांच्या घराण्यांत सोलेक्स, झेनिथ, वेबर असे बरेच येतात. इंग्लंडच्या स्किनर बंधूंचा एसयू त्यांत वेगळा: आत वरखाली होणारा पिस्टन आणि त्याला लावलेली निमुळती सुई. त्या पिस्टनची हालचाल सावकाश ठेवणाऱ्या डॅम्परमधलं तेल संपलं, तर ॲक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळते. पण थ्रॉटलच्या झडपेचा स्पिंडल (ती फिरते तो दांडा) झिजून बाजूने हवा ओढत असेल, तर कुठल्याही घराण्याचा कार्ब्युरेटर स्क्रू फिरवून वठणीवर येत नाही.

१९६८ पासून अमेरिकेत धुरावर देशव्यापी मर्यादा आल्या. कंपन्यांनी मिश्रण लीन केलं, आयडलिंगचं टायमिंग मागे ओढलं, मिश्रणाच्या स्क्रूवर टोप्या बसवल्या. त्या काळातली गाडी मुळातच थोडी मरगळलेली वाटते. तो दोष समजून तिच्यामागे लागण्यात अर्थ नाही. १९७० च्या दशकात इलेक्ट्रॉनिक इग्निशनने पॉइंट घालवले, आणि नंतर फ्युएल इंजेक्शनने कार्ब्युरेटर.

राहिलं पेट्रोल. मॅन्युअलमधला टायमिंगचा आकडा त्या वेळच्या पेट्रोलसाठी लिहिलेला आहे. १९२३ पासून त्यात नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून होणारी ठकठक) रोखायला शिसं मिसळलं जाऊ लागलं; २०२१ पर्यंत ते जगभरातल्या पंपांवरून गेलं. मॉडेल टीसारख्या कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनाला आजच्या पेट्रोलची अडचण होत नाही, पण साठच्या दशकातली दहाच्या वर कॉम्प्रेशनची (मिश्रण दहा पटींहून जास्त दाबणारी) इंजिनं कमी ऑक्टेनवर, म्हणजे नॉकिंग कमी रोखणाऱ्या पेट्रोलवर, चढाला नॉकिंग करतात आणि त्यांचं टायमिंग दोन-चार अंश मागे घ्यावं लागतं. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो, म्हणून जुन्याच जेटवर मिश्रण आणखी लीन होतं. अशा वेळी प्लग काढून बघावा: चिनी मातीचा भाग पांढराफटक दिसला, तर मिश्रण लीन असल्याचा संशय घ्यावा आणि हवेची गळती नाही याची खात्री करून एक नंबर मोठा जेट लावून बघावा.