स्लाइडवर हॉजकिन, वागणूक मात्र वेगळी

एपस्टीन, अचोंग आणि बार यांनी 1964 साली बर्किट लिम्फोमा या लसिका पेशींच्या कर्करोगाच्या पेशींत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एक विषाणू पाहिला. हाच तो एपस्टीन-बार विषाणू, म्हणजे ईबीव्ही. दहापैकी नऊहून अधिक प्रौढांना त्याची लागण कधी ना कधी होऊन गेलेली असते. त्यानंतर तो बी-पेशींत, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींत, जन्मभर मुक्काम ठोकतो आणि विषाणूग्रस्त पेशी मारणाऱ्या टी-पेशींचा पहारा असेपर्यंत गप्प राहतो.

वय झालं, अवयव प्रत्यारोपण झालं किंवा संधिवात वा आतड्याच्या दाहासाठी मेथोट्रेक्सेट, अॅझाथायोप्रिनसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू असली, की हा पहारा ढिला पडतो. अशा रुग्णांच्या तोंडात, त्वचेवर किंवा आतड्यात कधी कधी एकच, ठळक काठाचा व्रण उठतो. 2010 मध्ये डोजचिनोव्ह आणि सहकाऱ्यांनी असे 26 रुग्ण एकत्र मांडले आणि या व्रणाला स्वतंत्र नाव दिलं: ईबीव्ही-पॉझिटिव्ह म्युकोक्युटेनियस (श्लेष्मल आवरण आणि त्वचेवरचा) अल्सर. त्यांतले पचनमार्गाचे फक्त चार होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तो 2016 च्या सुधारणेत तात्पुरता आला, 2022 मध्ये कायम झाला.

नाव द्यायची गरज पडली ती स्लाइडमुळे, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली व्रणाचा तुकडा जसा दिसतो त्यामुळे. व्रणाच्या तळाशी लिम्फोसाइट, प्लाझ्मा पेशी, इओसिनोफिल अशा दाहाच्या पेशींची गर्दी दिसते. त्या गर्दीत मधूनच मोठाल्या पेशी असतात, काहींत दोन केंद्रकं आणि ठसठशीत केंद्रिका. थेट रीड-स्टर्नबर्ग, म्हणजे हॉजकिन लिम्फोमाची ओळख असलेल्या पेशी! त्यावर सीडी30 हे पेशीवरचं खूणप्रथिन पॉझिटिव्ह, अनेकदा सीडी15 सुद्धा. अहवालात हॉजकिन लिहायचा मोह इथेच होतो. पण ईबीईआर या पेशींतला ईबीव्ही दाखवणाऱ्या चाचणीत विषाणू लहान-मोठ्या सगळ्या आकारांच्या बी-पेशींत सापडतो, आणि खालच्या बाजूला टी-पेशींचा पट्टा असतो, जणू कुणी बांध घातलाय. औषध कमी केलं की बहुतेकदा व्रण आपोआप भरून येतो. खऱ्या लिम्फोमाकडून एवढ्या समजूतदारपणाची अपेक्षा नसते.

मोठ्या आतड्यात मात्र पंचाईत होते. कोलोनोस्कोपीतून येणारे तुकडे चिमुकले असतात. त्यांत व्रणाचा तळ नसतो, त्यामुळे तो पट्टाही दिसत नाही. शिवाय आतड्याच्या जुन्या दाहात ईबीव्हीच्या तुरळक पेशी एरवीही सापडतात, म्हणून नुसतं पॉझिटिव्ह पुरत नाही. अशा वेळी पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे तुकडा तपासणारा डॉक्टर, स्लाइड बाजूला ठेवून बायोप्सीसोबतचा फॉर्म उलटतो, कोणती औषधं चालू आहेत ते बघायला. ती जागा बऱ्याचदा कोरी असते.