स्टॅम्प पेपर झाला म्हणजे गाडी नावावर झाली?

नाही. ‘पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केली, आता आपला संबंध संपला’ हे वर्षानुवर्षं ऐकतोय. तो कागद फक्त व्यवहाराचा पुरावा. आरसी बुकावर नाव ज्याचं, कायद्याच्या लेखी मालक तोच. 2007 मध्ये विकलेली एक गाडी पुढे हातोहात फिरली आणि 2009 मध्ये तिचा अपघात झाला. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाईसाठी जबाबदार धरलं ते आरसीवरच्या पहिल्या मालकालाच!

नाव बदलायला आरटीओत दोन फॉर्म लागतात: फॉर्म 29 विकणाऱ्याचा, 30 दोघांचा. व्यवहार एकाच राज्यातला असेल तर आरटीओला कळवायला विकणाऱ्याला 14 दिवस, घेणाऱ्याला 30. कोऱ्या फॉर्मवर सह्या मात्र देऊ नका. एजंट तेच मागतात. कर्ज असेल तर आधी बँकेचा बोजा उतरवा.